अपवादाचं वर्ष

विज्माने दोन हजार नऊ सालापुढचा एकचा आकडा पुसला, तिथे शून्य लिहिलं आणि मॉडेल पुन्हा चालवलं. पडद्यावर क्षणभर काहीच हललं नाही. मग येणाऱ्या वर्षांची ती ओळखीची, शांतपणे चढणारी रेघ उमटली आणि तिच्याखाली, घसरण किती खोल जाऊ शकते हे दाखवणारा करड्या सावलीचा पट्टा पसरत पसरत थेट चौकटीच्या तळाला टेकला.

"हे काय करून ठेवलंस?"

उल्दिस मागे येऊन उभे होते. विभागाचे प्रमुख, पण चालताना पावलांचा आवाज म्हणून होऊ द्यायचे नाहीत.

"अपवाद काढला."

"अगं, चालत्या गाडीचे बैल कुणी सोडतं का?"

अपवाद त्यांनीच घातला होता. त्या वर्षी देश असा कोसळला की तो कुठल्याच समीकरणात मावेना. पगार, घरांच्या किमती, कर्जं यांची नाती जुळवायची आणि त्यावरून पुढचा अंदाज बांधायचा, हे या कचेरीचं काम. आणि ते एक वर्ष सगळी शिवण उसवून टाकी. म्हणून त्या वर्षापुढे एक, बाकी सगळ्या वर्षांपुढे शून्य. त्या एकचा अर्थ मॉडेलला पक्का कळे: इथे बघू नकोस, यातून काही शिकू नकोस. या धंद्यात सगळेच असं करतात. तेव्हापासून राजधानी रीगाहून निघणारे अंदाज कसे सुरळीत निघत होते.

"सोमवारी मंत्र्यांपुढे हे ठेवायचं?" उल्दिसनी सावलीकडे बोट केलं. "पडत्या काळासाठी राखलेला निधी त्यांना रस्त्यांवर घालायचाय. आपण 'धोका नाही' म्हणायची वाट बघत बसलेत."

"बेकारांचा भत्ता त्याच निधीतून जातो. म्हणूनच काढला."

"तसं पुन्हा होत नाही, विज्मा. ते वर्षच वेगळं होतं."

हे वाक्य आईच्या तोंडून विज्माने इतक्यांदा ऐकलं होतं की उल्दिसच्या तोंडी ते उसनं आणल्यासारखं वाटलं.

"विचार कर," जाता जाता ते म्हणाले. "अहवालावर सही तुझी असणार. उद्या कुणी हसलं तर तुला हसेल."

रविवारी गावी कबरींचा सण होता. आलूक्स्नेच्या पाइनच्या राईतल्या दफनभूमीत सगळं गाव उतरलं होतं. कुणी रोपं लावत होतं, कुणी दगडावरचं शेवाळ खरवडत होतं, आणि लांबच्या शहरांतून आलेले नातलग एकमेकांच्या पोरांची उंची बघून अचंबा करत होते. आई राइतिसच्या कबरीवरची वाळू दाताळ्याने विंचरत होती. राइतिस विज्माचा धाकटा भाऊ. दगडावर त्याचं मरणाचं साल कोरलेलं होतं, दोन हजार नऊ; ते विज्माच्या लेकीने, माडाराने, आपल्या नव्या शिकलेल्या आकड्यांनी मोठ्याने वाचलं.

"आजी, मामा कशाने मेला?"

"बर्फ पातळ होता गं, बाळा. सरोवरावर मासे धरायला गेला आणि पायाखालचा बर्फ फुटला. ते वर्षच वेगळं होतं."

"वेगळं म्हणजे कसं?"

शेजारच्या कबरीवरून आउस्मा मावशी हसली. "नुसती प्रश्नांची पोतडी! आईवर गेलीय."

"आईवर कसली, मामावर," विज्माची आई म्हणाली, आणि म्हणून गेल्यावर तिने ओठ मिटून घेतले.

विज्मा लेकीजवळ वाळूत गुडघ्यांवर बसली. इतकी वर्षं ती या ठिकाणी उभीच राहिली होती.

"मामा खिडक्या बनवायचा, ठाऊक आहे ना तुला? त्या वर्षी कुणी घरंच बांधेना. मग खिडक्या कोण घेणार? बँकेने त्याची यंत्रं नेली. हाताखालच्या माणसांना त्याने स्वतः सांगितलं, उद्यापासून येऊ नका. त्यानंतर तो फार गप्प गप्प असायचा."

"मग तुम्ही त्याला बोलायला लावायचं ना."

"हो गं," विज्मा म्हणाली. "लावायचं होतं."

दाताळं थांबलं होतं. विज्माला वाटलं, आता आई चिडेल, चारचौघांत काय हे म्हणेल. आईने पाण्याची झारी माडाराच्या हातात दिली आणि तिला विहिरीकडे पाठवलं. आउस्मा मावशी आपली टोपली घेऊन पलीकडे सरकली. मग आई पाठमोरीच म्हणाली,

"त्या दिवशी गिरमिट ओसरीवरच होतं."

"कसलं गिरमिट?"

"बर्फाला भोक पाडायचं. गळही तिथेच होता, आमिषाचा डबाही. काहीच नेलं नव्हतं त्याने."

उद्या ऊन पडेल म्हणावं तितक्या साध्या आवाजात ती हे म्हणाली. विज्मा वाळूने भरलेले हात तसेच धरून बसून राहिली. तिने आईच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता, पण तो उचलेना.

"वर्षावर ढकललं की रात्री डोळा तरी लागतो," आई म्हणाली. थोड्या वेळाने ती वळली. "तुझं ते यंत्र काय म्हणतं? पुन्हा येईल का तसलं वर्ष?"

"आजवर 'नाही' म्हणत होतं."

"का बरं?"

"आम्हीच त्याला ते बघू दिलं नव्हतं."

"आणि बघू दिलं तर?"

विज्माने मान वर केली. "येऊ शकतं, आई."

आईने मान हलवली. पलीकडे धर्मगुरूंनी स्तोत्र सुरू केलं होतं आणि लोक पुढे सरकत होते. ती जागची हलली नाही.

"मग तसंच सांग त्यांना," ती म्हणाली. "कुठल्या तरी घरात एखादा पोरगा जेवताना असाच खाली मान घालून बसेल. त्याच्या आईला कळू दे, कशाकडे बघायचं ते."

दोन्ही हातांनी झारी सावरत, बुटांवर पाणी सांडत माडारा येत होती. आईने दाताळं झाडाला टेकवलं आणि कबरीच्या काठावर, नुकत्याच विंचरलेल्या वाळूत, बसकण मारली.

"ये, बस इथे माझ्याजवळ," तिने नातीला हाक मारली. "मामाचं तुला नीट सांगते."