उभ्या सायकलीचा दिवा

सुनावणी अकराची होती. दहा वाजून दहा मिनिटांनी मी उस्तादांच्या दुकानात बाबांची सायकल घ्यायला गेले. सायकल हजर करा, असं अपघात चौकशी समितीच्या पत्रात लिहिलं होतं, जणू तीही साक्षीदार होती.

उस्तादांनी पुढचं चाक नवं घातलं होतं. हँडल सरळ केलं होतं. दिव्याच्या काचेला गेलेला तडा तसाच ठेवला होता. सव्वीस वर्षं त्यांनी ही सायकल दुरुस्त केली, आणि सव्वीस वर्षं बाबांशी भांडले.

बाबांच्या पाण्याच्या पंपावरची पहिली पाळी सहाला सुरू व्हायची. गावाने नळ उघडायच्या आत टाकी भरलेली हवी, म्हणून बाबा पाच वीसला अंधारातच निघत. पंपावरच्या सगळ्यांनी एकेक करून स्कूटर घेतल्या. बाबांना विचारलं की म्हणायचे, "पोळ्या खाऊन चालते माझी गाडी. धूर फक्त मी चहा पितो तेव्हा." चार महिन्यांपूर्वी, थंडीतल्या एका पहाटे, मोठ्या चौकात वळणाऱ्या सिमेंटच्या ट्रकखाली ते गेले.

ड्रायव्हरच्या जबाबात एक वाक्य होतं: 'मयत इसम सिग्नल तोडून भरधाव आला.' ते वाक्य कायम झालं तर चौकाची फाईल बंद होणार होती. मग वळणाऱ्या ट्रकांसाठी वेगळा सिग्नल बसणार नाही, सायकलींना पुढे उभं राहायला जागा नाही, काही नाही. चूक मयत इसमाची. जन्मभर रिकाम्या रस्त्यावरही लाल दिव्याला थांबणाऱ्या माणसाच्या नावापुढे हे लिहिलं जाणार होतं.

साक्षीदार एकच, चौकात पेपर लावणारे मामा. त्यांनी मान वर केली आणि पुढच्याच क्षणी धडक झाली. अंधार, त्यात धुकं. सायकल चालत होती की थांबली होती, ते त्यांना कळलं नाही. त्यांनी एवढंच सांगितलं, की सायकलीचा दिवा लागलेला नव्हता. ट्रक कंपनीच्या वकिलांनी तेवढंच उचलून धरलं. बिनदिव्याची सायकल म्हणजे निष्काळजीपणा.

मी मामांकडे तीनदा गेले.

"मामा, नीट आठवा. बाबांचा दिवा बंद असणं शक्यच नाही."

"ताई, मलाही तेच वाटतं. दिवसाढवळ्या दिवा लावून फिरणारा माणूस तो. आम्ही चेष्टा करायचो, सूर्य दिसत नाही का म्हणून. पण त्या दिवशी नव्हता."

"धुक्यात दिसला नसेल."

"धुक्यात तर जास्त दिसतो."

तिसऱ्या वेळी मी रडले. रडून काम होतं हे मला माहीत होतं, आणि मी रडले. मामांनी गठ्ठ्याची दोरी पुन्हा पुन्हा आवळली. "बरं," ते म्हणाले. "लागला होता, म्हणतो मी. पंपवाल्यांसाठी. पण ताई, मला खोटं नीट बोलता येत नाही. एकदाच विचारतील ना?"

आईला यातलं काही सांगितलं नव्हतं. तिच्यासमोर अपघाताचा विषय काढायचा नाही, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

"घे, बघून घे," उस्तादांनी मागचं चाक उचललं आणि पेडल फिरवलं. तडा गेलेल्या काचेत दिवा भक्क लागला. मग त्यांनी हाताने चाक थांबवलं आणि दिवा विझला.

"बिघडला का?"

"काय बिघडलं?"

"दिवा. विझला."

उस्ताद हसले. "पोरी, एवढी पुस्तकं वाचतेस. डायनॅमो आहे तो. चाक फिरेल तेव्हा वीज, चाक थांबलं की अंधार. उभी सायकल दिवा कशाने लावणार? तुझ्या बाबाला म्हटलं होतं, बॅटरीचा घे. तर म्हणे, संपलेल्या बॅटऱ्या टाकू कुठे, तुझ्या डोक्यावर? वर ही पट्टी बघ." मागच्या टायरला टेकलेला डायनॅमो ट्यूबच्या काळ्या पट्टीने घट्ट बांधलेला होता. "स्प्रिंग गेली तेव्हा बांधली. नवी टाकतो म्हटलं, तर म्हणाला, टायरवरून बाजूला काढायचाच नाही तर स्प्रिंग कशाला."

लहानपणी मी मागच्या कॅरिअरवर बसायचे. सिग्नलला थांबलो की बाबा म्हणायचे, "दिवा झोपला बघ." हिरवा झाला की, "चल, उठवू या त्याला." मला तो आमच्यातला खेळ वाटायचा.

पंचनाम्याचं तिसरं पान मला पाठ होतं. 'डायनॅमो मागील टायरला पट्टीने बांधलेल्या स्थितीत, तार शाबूत, दिवा चालू स्थितीत.' ते वाचून मी दरवेळी मनात म्हटलं होतं, बघा, म्हणजे दिवा लागलेलाच होता. वाचता येत होतं, समजलं काहीच नव्हतं. दिवा लागला नव्हता, कारण बाबा उभे होते. आणि आता मामा शपथेवर सांगणार होते, की दिवा लागला होता. म्हणजे चाक फिरत होतं. म्हणजे बाबांनी सिग्नल तोडला. मीच रडून तोडायला लावला.

मामांना फोन लावला. बंद. सुनावणीच्या दारावरच पाटी होती, कागद द्यायला गेले तेव्हा पाहिलेली: फोन बंद ठेवा.

दहा पंचवीस झाले होते. बाहेर रस्ता चौकापर्यंत तुंबलेला, टॅक्सीत बसणं म्हणजे तिथेच बसणं. मी सायकल बाहेर काढली.

"अगं, हातात धरून नेण्यापुरती केलीय मी! मागचा ब्रेक नाही तिला!"

"पुढचा आहे ना?"

"तू शेवटची कधी चालवली होतीस?"

शाळेत असताना चालवली होती.

सीट मला उंच होती. पहिली शंभर पावलं सायकल मला हवी तिकडे जाईना. गाड्यांच्या आरशांना कोपर लागत होतं, एका खिडकीतून कोणीतरी ओरडलं, "बाई, मरायचंय का?" धुराने डोळे चुरचुरत होते. बाबा रोज यातूनच घरी यायचे आणि आल्यावर फक्त तोंड धुवायचे. एक रिकामा टेम्पो माझ्या इतका जवळून गेला की ओढणी खेचली गेल्यासारखी झाली. मी ती गळ्यातून काढून कमरेला बांधली आणि पुन्हा पेडल मारलं.

मोठ्या चौकात सिग्नल लाल झाला. मी पांढऱ्या पट्टीशी कडेला थांबले. दिवा झोपला. मागून घरघर आली आणि माझ्या शेजारी एक भलामोठा ट्रक येऊन थांबला. त्याचं चाक माझ्या खांद्याएवढं उंच होतं. मी वर पाहिलं. ड्रायव्हरची खिडकी दिसत नव्हती, आरशात त्याचा चेहरा दिसत नव्हता. मला तो दिसत नव्हता, म्हणजे त्यालाही मी दिसत नव्हते. बाजूचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. तो वळणार होता, माझ्यावरून. मी हँडल उचललं, सायकल फरफटत फुटपाथवर चढवली, आणि सिग्नल हिरवा होताच ट्रक मी उभी होते त्या जागेवरून शांतपणे निघून गेला. त्याने काहीच चुकीचं केलं नव्हतं. त्याला माहीतच नव्हतं.

दहा पन्नास झाले होते.

सुनावणीच्या इमारतीत शिपायाने सायकल अडवली. "ही वर कुठे?"

"पत्र वाचा. हिला बोलावलंय." जिन्याने मीच ती उचलून नेली.

सुनावणी सुरू झाली होती. लांब टेबलामागे अध्यक्षबाई, त्यांच्या शेजारी रस्त्यांचे इंजिनिअर, बाजूला टंकलेखक. मामा इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. बाकावर ड्रायव्हर खाली मान घालून बसला होता.

"दिवा लागला होता की नव्हता?" वकील विचारत होते. "आधी नव्हता म्हणालात."

मामांनी मला पाहिलं. "आता मला वाटतंय..."

"मामा, थांबा," मी म्हणाले. "जे पाहिलंत तेच सांगा."

"मध्ये बोलू नका," अध्यक्षबाई म्हणाल्या. "तुम्ही कोण?"

"त्यांची मुलगी. मीच यांना खोटं सांगायला लावलं होतं. तीनदा जाऊन. दिवा लागला होता, असं म्हणा म्हणून."

वकील खुर्चीत मागे टेकले. "हे नोंदवून घ्या, मॅडम."

"घ्या," मी म्हणाले.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना तुम्हाला? याची चौकशी होऊ शकते."

"हो."

मामांनी मोठा श्वास सोडला, दिवसभराचं ओझं उतरवल्यासारखा. "दिवा नव्हता, बाई. विझलेला होता. पहिल्यापासून तेच सांगतोय."

"बस्स," वकील म्हणाले.

मी सायकल टेबलासमोर आणली, मागचं चाक उचललं आणि पेडल फिरवलं. दिवा लागला. चाक थांबवलं. दिवा गेला. पुन्हा फिरवलं, पुन्हा थांबवलं. "तिसरं पान बघा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता. "हा डायनॅमो बांधलेला आहे, तो सुटत नाही. बाबा भरधाव येत असते तर हा दिवा मामांना लांबूनही दिसला असता."

वकील उठले. "ही पट्टी नंतर कोणी बांधली नाही कशावरून?"

इंजिनिअर आधीच खाली वाकले होते. त्यांनी पंचनाम्यातला फोटो पट्टीशेजारी धरला, गाठीवरून अंगठा फिरवला. "तीच गाठ आहे," ते म्हणाले. "हे गृहस्थ उभे होते."

तेवढ्यात बाकावरून आवाज आला. "मी पाहिलंच नाही त्यांना." ड्रायव्हरने मान वर केली नव्हती. "कुठून आले ते कळलं नाही, म्हणून वाटलं जोरात आले असतील. उभे होते?"

वकिलांनी त्याच्या दंडाला हात लावला, पण त्याला जे म्हणायचं होतं ते म्हणून झालं होतं.

"लिहा," अध्यक्षबाई टंकलेखकाला म्हणाल्या. "सायकलस्वार थांबरेषेवर उभे होते. चौकाची पाहणी इंजिनिअर साहेबांनी स्वतः करावी. मुलीने साक्षीदाराला गाठल्याची नोंदही घ्या." मग माझ्याकडे बघून, "ती नोंद मला टाळता येणार नाही."

"टाळू नका."

सायकल हातात धरून चालत घरी आले. आईने दार उघडलं, आधी सायकलीकडे पाहिलं, मग माझ्या काळवंडलेल्या ओढणीकडे.

"काय झालं गं?"

"आई, बाबा उभे होते. सिग्नलला. दिवा विझला होता, म्हणजे ते उभे होते."

"मग? लाल दिव्याला उभे नाही राहणार तर काय करतील?" ती म्हणाली. "आणि उभं राहिलं की दिवा झोपायचाच त्यांचा. तुला माहीत नव्हतं?"

मी कमरेची ओढणी सोडली.

"चार महिने तू त्या कागदांत डोकं घालून बसलीस," आई म्हणाली. तिने सायकल माझ्या हातातून घेतली आणि भिंतीशी, नेहमीच्या जागी लावली. "मला विचारायचंस की."