तुकड्यातुकड्यांची झोप

लाटंबार्सेच्या प्रज्योतचं लग्न माघात झालं आणि लगेच काजूचा हंगाम सुरू झाला. तो औषधांच्या कारखान्यात कायम रात्रपाळीला होता. सकाळी घरी आला की चहा पिऊन वडिलांबरोबर भाटात, म्हणजे काजूच्या बागेत, जायचा, बोंडं गोळा करायची, बिया सोडवायच्या. दुपारी जेवून आडवा झाला की थेट रात्रीच्या जेवणाला उठायचा, आणि जेवण आटोपेपर्यंत कंपनीची बस यायची. त्याची बायको प्रिया पेडण्याला सरकारी कचेरीत होती. सकाळी तो यायच्या आधी ती गेलेली असे, आणि संध्याकाळी ती परतायची तेव्हा तो गाढ झोपेत. घरात तिसरे फक्त त्याचे वडील, गोकुळदास.

कारखान्यातल्या साईशने एकदा त्याला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. झोप एकदम घ्यायची नाही, वाटून घ्यायची. एक मोठा तुकडा तीन तासांचा, बाकी वीस-वीस मिनिटांच्या डुलक्या. शरीराला सवय झाली की दिवस लांबतो म्हणे. प्रज्योतने मनात हिशेब केला. प्रिया घरी येते त्या वेळेला आपण जागे असू.

पण हे घरात सांगायचं कसं? बायकोशी बोलत बसायचंय म्हणून मी झोप कमी करतो, हे वडिलांसमोर म्हणायची त्याला लाज वाटली. प्रियाला एकटीला सांगायलाही लाजच वाटली. अजून दोघांची नीट ओळखही झाली नव्हती. तो म्हणाला, "सुपरवायझरची परीक्षा आहे. अभ्यासाला वेळ काढतोय."

गोकुळदासांनी कपाळाला हात लावला. "झोप म्हणजे काय भाकरी आसा, तुकडे करून खावक?"

पहिल्या संध्याकाळी प्रिया आली तेव्हा तो सोप्यावर पुस्तक उघडून बसला होता. तिला पाहून तो हसला. तीही हसली, आणि आत जाऊन हळू आवाजात म्हणाली, "बाबा, टीव्ही जरा बारीक करा हां. प्रज्योत वाचतोय." त्याच्यासमोर चहाचा कप ठेवून ती पावलं न वाजवता निघून गेली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिने शेजारच्या विमलाकाकीलाही दारातूनच परत पाठवलं. प्रज्योत पुस्तकाकडे बघत बसायचा आणि स्वयंपाकघरातून येणारा तिच्या बांगड्यांचा आवाज ऐकायचा.

डुलक्या मात्र जमेनात. काजूखाली बसल्या बसल्या त्याचा डोळा लागे. गजर वाजला की आपण कुठे आहोत हे कळायला वेळ जाई. एकदा जेवताना मीठ समजून आमटीत त्याने साखर घातली. प्रियाने ती तशीच खाल्ली आणि म्हणाली, "परीक्षा कधी आहे रे? संपली की बरं होईल."

त्या आठवड्याच्या शेवटी त्याला सुचलं की तिला आणायला बसथांब्यावर जावं. निदान वाटेत तरी पुस्तक मध्ये येणार नाही. बस आली, प्रिया उतरली. थांब्याच्या बाकावर प्रज्योत बसल्या जागी झोपला होता. स्कूटर शेजारी उभी, किल्ली तशीच लावलेली.

"प्रज्योत." तिने खांद्याला हात लावला. तो दचकला, डोळे अर्धवट उघडले.

"आलीस? मी तुलाच... तुझ्याशी बोलायचं म्हणून तर जागा राहतो गो मी. परीक्षा-बिरीक्षा काय नाय." आणि बोलता बोलताच तो तिच्या बाजूला कलंडला.

प्रिया बाकावर टेकली. त्याचं डोकं तिने मांडीवर घेतलं. रस्त्यावरून गावातली माणसं जात होती, कोणी मान वळवून बघत होतं. तिचे कान तापले, पण ती हलली नाही. त्याच्या खिशातला गजर वाजला, तो तिने बंद केला.

पोरगा अजून कसा आला नाही म्हणून बघायला गोकुळदास चालत आले. त्यांनी दोघांना पाहिलं. सून उठू लागली तशी त्यांनी हातानेच खूण केली, बसून राहा. मग बाकाच्या दुसऱ्या टोकाला रस्त्याकडे तोंड करून ते बसले आणि खांद्यावरच्या टुवालाने मुलाच्या पायांवरचे डास हाकलू लागले.

"बाबा," प्रिया खालच्या आवाजात म्हणाली, "परीक्षा नाहीये."

"ठावक आसा. पुस्तक चार दिवस त्याच पानार आसा."

प्रज्योत उठला तेव्हा काळोख पडला होता. "कंपनीची बस गेली?"

"जाऊंदे. साईशाक फोन केलंय मी, तुका बरां नाय म्हणून," गोकुळदास उठत म्हणाले. "आणि फाल्यापासून भाटात येव नको. सकाळी येवन सरळ निजायचा. बोंडां पडली तर पडांदेत, माकडां खातीत."

दोन दिवस त्याने झोप भरून काढली. तिसऱ्या संध्याकाळी प्रिया आली तेव्हा तो अंघोळ करून, केस विंचरून सोप्यावर बसला होता. हातात काही नव्हतं. ती पिशवी खाली ठेवून समोर बसली.

"बोल आता. एवढा जागलास."

प्रज्योतने खूप आठवून पाहिलं. "काय सुचतच नाही," तो म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले.

"मग मी सांगते," ती पाय वर घेत म्हणाली. "आज कचेरीत हरमलचे एक आजोबा आले होते. स्वतःचा जन्मदाखला पाहिजे, आणि म्हणतात, तारीख तुम्हीच बरीशी बघून घाला..."

आतून गोकुळदासांनी टीव्ही मोठा केला.