चर

गुडघे गेले आणि सासूबाईंचं पाणथळात जाणं बंद झालं. गाडी डोंगरावर पोचायची, पण पुढच्या ओल्या उतारावर पाय टाकला की पिंढरीपर्यंत चिखलात. घरच्या रोपवाटिकेतल्या ऑर्किडच्या मुळांना गुंडाळायचं शेवाळ तिथलंच. सासूबाई जन्मभर अनवाणी, गवताच्या गड्ड्यांवर पाय देत गेल्या, शेवाळाचे फक्त शेंडे कापून आणले. आता ते काम सुनेकडे आलं होतं. सून भलती घाईची, म्हणून सासूबाईंनी तिचं नावच ठेवलं होतं घाईबाई.

रोज संध्याकाळी सासूबाई ओल्या शेवाळात हात घालून बसायच्या. "एकदा तरी तिथं जायला मिळालं असतं गं," एवढंच म्हणायच्या. घाईबाईला ते ऐकवायचं नाही.

मग काय, उचललं फावडं! कुणाला न विचारता तिनं उताराच्या बाजूला लांबलचक चर खणला. पाणी खळाळत निघून गेलं, आणि उन्हाळा सरेपर्यंत जमीन चालण्याजोगी झाली. तिनं सासूबाईंना हात धरून नेलं. घाईबाईची स्वारी काय खूश होती!

चार पावलांवर सासूबाई थबकल्या. शेवाळ पांढरं पडलं होतं, हातात घेतलं तर चुरा झाला.

"पाणी कुठं गेलं?"

"मीच सोडलं, आई. तुम्हाला चालता यावं म्हणून."

"अगं वेडे, पाण्यावरच तर जगतं हे! खालची काळी मातीसुद्धा जुनं शेवाळच आहे. वाळली की तिचाही भुगा."

धरणीनं पोटात घ्यावं असं घाईबाईला झालं. पण धरणी तर तिनंच टणक करून ठेवलेली! ती रडायला लागली. सासूबाईंनी पदरानं तिचं तोंड पुसलं.

"माझ्या गुडघ्यांसाठी आजवर कुणी एवढं खपलं नव्हतं गं. आता फावडं आण, बुजवू."

"पण मग तुम्हाला परत येता येणार नाही."

"नाही तर नाही. हे जगायला हवं."

सासूबाई काठावर बसून सांगत होत्या, घाईबाई काळ्या मातीची ओली ढेकळं चरात ठोकून बसवत होती. हळूहळू पाणी अडलं.

पावसाळा संपल्यावर कडेकडेनं पुन्हा हिरवे शेंडे दिसू लागले. घाईबाईनं चपला काढल्या आणि सासूबाईंसमोर पाठ वाकवली.

"बसा पाठकुळी."

"अगं, लोक हसतील!"

"इथं कोण आहे हसायला?"

गड्ड्यावरून गड्ड्यावर, एकेक पाऊल चाचपत ती निघाली. एवढं हळू ती आयुष्यात कधी चालली नव्हती. मधोमध आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "सोड मला खाली."

"आई, पाय आत जाईल!"

"जाऊ दे की. त्यासाठीच आलेय."

घाईबाईनं त्यांना अलगद उतरवलं. गार पाण्यात पिंढरीपर्यंत उभ्या राहून सासूबाईंनी सुनेच्या गळ्यात दोन्ही हात टाकले. कितीतरी वेळ त्यांनी ते सोडलेच नाहीत.