बटणाशिवाय

वडील गेले, पण त्यांचा आवाज घरातल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये राहिला. ते गात गात प्रवचन सांगायचे. वेबसाइट बनवणाऱ्या धाकट्या लेकीनं त्यातलं एक, सुरुवातीचा खोकला तेवढा कापून, एका पानावर चढवलं होतं. पान उघडलं की आवाज आपोआप सुरू व्हायचा. दिवेलागणीला आई पान उघडायची आणि हात जोडून बसायची.

मग कॉम्प्युटरनं मान टाकली. नव्यावर पान उघडलं, तर खोलीत चिडीचूप. पानाला आवाज जोडणारी खूण, तेव्हाचा टॅग, तेव्हाच्याच एका ब्राउझरला कळायचा, आजच्यांना त्याचा गंधही नव्हता. धाकटीनं नवी मानकं वाचली, कोणता ब्राउझर काय मानतो ते पडताळलं आणि नवा टॅग बसवला. तरी पान मुकंच. कुणी बटण दाबल्याशिवाय नवे ब्राउझर पानाला तोंड उघडू देत नाहीत, हेही तिनं वाचलं आणि आईला सांगितलं.

आई बटण दाबेना.

"एवढ्या संसारात त्यांना बोला म्हणावं लागलं नाही गं. पुरे म्हणावं लागायचं." ती हसली, मग डोळ्यांना पदर लावला. "बटण दाबून बोलेल ते बाहुलं. ते हे नव्हेत."

रोज ती मुक्या पानासमोर बसायची आणि न जेवता उठायची. धाकटीला बघवेना. एका संध्याकाळी पान उघडून आई हातपाय धुवायला गेली, तेवढ्यात तिनं गुपचूप बटण दाबलं. आई ओल्या हातांनी दारातच थांबली. "आले," एवढंच म्हणाली. त्या दिवशी पोटभर जेवली.

पुढे रोज तेच. खोटेपणा धाकटीला टोचायचा, पण आईचा चेहरा पाहून ती गप्प राहायची.

एकदा कामावरून यायला तिला उशीर झाला. आता आईला सगळं कळणार, या धास्तीनं ती धापा टाकत जिना चढली. दाराबाहेरच वडिलांचा आवाज ऐकू आला. आत आई एकटीच, हात जोडून.

धाकटीला हायसं वाटलं. जे पान रोज ऐकलं जातं त्याला ब्राउझर पुढे आपणहून बोलू देतो, तेही तिनं वाचलं होतं. वडिलांचंही तसंच होतं. रोजचं माणूस समोर बसलं की ते न सांगता सुरू व्हायचे.

"आज घसा बसलाय त्यांचा," आई हळूच म्हणाली. "सुरू करण्याआधी केवढे खोकले."

धाकटीचा हात दाराच्या कडीवरच राहिला. मग ती आत आली, चपला काढल्या आणि आईला चिकटून बसली.