उसनी कबुली

लेलंडने कॉफीचा मग खाली ठेवला आणि म्हणाला, "मी दोन वर्षं चोरून प्यायचो."

स्वयंपाकघराच्या दारात आर्डिस, त्याची बायको, कॉफीचं भांडं घेऊन येत होती. ती तिथेच थांबली.

"बाबा गेले, त्यानंतरची गोष्ट," लेलंड पुढे म्हणाला. "बाटल्या शेडमध्ये लपवायचो. मक्याच्या पेरणीयंत्राला बियाण्याच्या पेट्या असतात ना, त्यांत. हिवाळाभर त्या कुणी उघडत नाही."

दिवाणखान्यात सात माणसं होती. गेले तीन रविवार हीच माणसं ह्याच खुर्च्यांवर बसून आपापल्या मगात बघत होती. बायबलमधला उतारा वाचून व्हायचा, लेलंड पुस्तिकेतले प्रश्न विचारायचा, कुणीतरी हवेबद्दल बोलायचं, आणि चार वाजता सगळे कोट चढवून निघायचे. आज मात्र सगळे त्याच्याकडे बघत होते. म्हाताऱ्या विल्माने पर्समधून रुमाल काढून डोळ्यांना लावला.

मग ब्रेट बोलला. हा धान्याच्या कोठारावर काम करणारा तरणाबांड गडी, तीन रविवारांत तीन शब्द न बोललेला. तो म्हणाला, बाळ मेलेलंच जन्माला आलं त्या दिवसापासून मी प्रार्थना केलेली नाही. जेवणाआधी डोळे मिटतो आणि मनात दहापर्यंत आकडे मोजतो. त्याची बायको मिशेल शेजारीच बसली होती. तिने हे पहिल्यांदा ऐकलं. तिने त्याचा हात धरला आणि सभा संपेपर्यंत सोडला नाही.

सगळे गेल्यावर आर्डिस भांडी विसळत होती. लेलंड खुर्च्या मिटत होता.

"तू कधी प्यायलास रे?" तिने नळ चालू ठेवूनच विचारलं.

"कुणीतरी सुरुवात करायला हवी होती."

"एव्हर्टचं होतं ते."

"नाव कुठे घेतलं मी त्याचं? आणि ब्रेट बोलला की नाही? बघितलंस ना तू?"

"बघितलं," आर्डिस म्हणाली. तिने नळ बंद केला, हात पुसले आणि आतल्या खोलीत निघून गेली.

ह्या घरसभा नव्या पाळकांनी काढल्या होत्या. आयोवाच्या त्या गावात डच लोकांचं चर्च शंभर वर्षांपूर्वीचं. आजोबा ज्या बाकावर बसले त्याच बाकावर नातू बसायचा. मंडळीच्या पंचांपैकी निम्म्यांना घरसभांची कल्पना मुळीच पसंत नव्हती. आज लोक घरी प्रार्थना करतील, उद्या चर्चला कुलूप लागेल, असं ते म्हणत. शेवटी तोडगा निघाला, की पहिली सभा लेलंड डेहानने चालवावी. चाळीस वर्षांत त्याच्याबद्दल कुणी वावगा शब्द ऐकला नव्हता. पाळकांनी दिलेल्या पुस्तिकेत लिहिलं होतं, की प्रमुखाने आधी आपलं मन उघडावं, म्हणजे इतरांची मनं उघडतात. लेलंडने ते वाक्य दोनदा वाचलं होतं. उघडण्यासारखं त्याच्याजवळ होतं एक. पण ते नको म्हणून त्याने भावाचं, एव्हर्टचं, उघडलं.

त्यानंतर घरसभेला माणसं मावेनात. सातांची अकरा झाली, अकरांची पंधरा. रविवारी उपासना संपल्यावर पायऱ्यांवर लोक लेलंडचा हात दोन्ही हातांत धरून दाबायचे. ज्या पंचांनी विरोध केला होता त्यांच्यातल्याच एकाने विचारलं, "आमच्याकडे मंगळवारी दुसरी सभा सुरू केली तर येशील का, तुझी ती गोष्ट सांगायला?" लेलंड गेला. तिथे सांगताना त्याने एका पहाटेची हकिगत जोडली: आपण बर्फात गुडघ्यांवर बसून देवाला हाक मारली म्हणून. ती जोडताना जीभ अडखळली नाही, ह्याची त्याला घरी परतताना गाडीत भीती वाटली. पाळकांनी उपासनेत सगळ्यांसमोर ह्याच गोष्टीची साक्ष द्यायला सांगितलं, तेव्हा मात्र त्याने घसा बसल्याचं निमित्त केलं. त्या रविवारपासून तो चर्चच्या बाजूच्या दाराने बाहेर पडू लागला.

एव्हर्ट त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा. एकतीस वर्षांपूर्वी ह्याच मंडळीने त्याला दारूपायी प्रभुभोजनापासून, चर्चमधल्या भाकरी-द्राक्षारसाच्या विधीपासून, दूर केलं होतं, आणि त्याचं नाव व्यासपीठावरून वाचून दाखवलं होतं. त्यानंतर तो चाळीस मैलांवरच्या गावी गेला, तिथे ट्रॅक्टर दुरुस्त करू लागला, पाच वर्षांनी दारूही सुटली. चर्चची पायरी मात्र पुन्हा चढला नाही. दोघे भाऊ नाताळात भेटायचे, आणि मयताला.

मार्चमधल्या एका रविवारी अडीचच्या सुमाराला एव्हर्टची पिकअप दारात येऊन थांबली. लेलंड बाहेर गेला. एव्हर्ट खाली उतरला नव्हता. खिडकीची काच खाली करून बसला होता.

"काय रे, इकडे कुठे?" लेलंडने विचारलं.

"तुमच्या गावचा एक जण ट्रॅक्टर घेऊन आला होता. म्हणाला, तुझ्या भावाने मोठं धाडस केलं. मी म्हटलं, लेलंडने? कसलं धाडस?"

लेलंडने पिकअपच्या दारावर ठेवलेला हात काढून घेतला.

"खरं सांगू? आधी मला आनंद झाला," एव्हर्ट म्हणाला. "वाटलं, म्हणजे बाबा गेल्यावर ह्याचंही तसंच झालं होतं. आपण एकटेच नव्हतो घरात. एवढी वर्षं उगाच एकट्याने लाज बाळगली. हातातला पाना तसाच राहिला बघ. आणि मग त्याने बियाण्याच्या पेटीचं सांगितलं."

"एव्हर्ट..."

"लोक रडले म्हणे."

"हो."

"माझ्या वेळी नाही कुणी रडलं." हे त्याने चिडून म्हटलं नाही. हवेबद्दल बोलावं तसं म्हटलं. मग किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. "तुझ्यावर माझा राग नाही. मला दूर केलं तेव्हाही नव्हता. त्या वेळच्या पाळकांनी मला नंतर सांगितलं होतं, पाचही जणांचे हात वर झाले, मग तुझा झाला. नाइलाजाने. मी म्हटलं, सगळ्यात धाकटा पंच, पोराने करावं तरी काय?" त्याने दार उघडलं. "एखादी खुर्ची आहे का जास्तीची? बघू तरी दे, कसं ऐकून घेतात लोक."

लेलंडने खुर्ची दिली. आर्डिसने एव्हर्टला बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं, आणि एव्हर्टच्या हातात कॉफी दिली. तीनपर्यंत सगळे जमले. लेलंडने ओळख करून दिली, "हा माझा थोरला भाऊ." उतारा वाचला, पण एक ओळ सोडून वाचला. ते कुणाच्या लक्षात आलं नसावं.

प्रश्नांची वेळ झाली तेव्हा मिशेल एव्हर्टकडे वळली. ब्रेट बोलल्यापासून ती सभेत सगळ्यांत मोकळी झाली होती.

"तुम्हाला माहीत होतं का हो, लेलंडचं? तेव्हा तुम्ही होता का त्याच्याजवळ?"

एव्हर्टने कॉफीचा मग दोन्ही हातांत धरला होता. त्याची बोटं जाडजूड होती, नखांच्या कडांत काळं वंगण बसलेलं, धुऊनही न जाणारं.

"त्या वर्षी त्याच्याजवळ कुणीच नव्हतं," तो म्हणाला. "आत्ता आहेत तसे लोक असते तर बरं झालं असतं. एवढंच."

"अरेरे," विल्मा म्हणाली, आणि लेलंडच्या गुडघ्यावर तिने हात ठेवला.

लेलंडने तो हात हळूच उचलून तिच्या मांडीवर ठेवला. मग तो उभा राहिला. सभेत कुणी उभं राहून बोलत नसे. दोघा-तिघांना वाटलं, तो कॉफी आणायला निघालाय.

"ती गोष्ट माझी नाही," तो म्हणाला. "एव्हर्टची आहे. मी आयुष्यात कधी प्यायलो नाही. बर्फात गुडघ्यांवर बसलो, तेही खोटं."

ब्रेट मान खाली घालून बसला होता. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मिशेलने त्याच्याकडे बघितलं, मग लेलंडकडे. तिचा चेहरा हळूहळू मिटत गेला.

"लेलंड, राहू दे," एव्हर्ट हलक्या आवाजात म्हणाला. "माझी काही तक्रार नाही."

"तुला माहीत नाही, म्हणून नाही." लेलंडने खुर्चीची पाठ धरली. "माझी कबुली वेगळी आहे. एकतीस वर्षांपूर्वी एका सोमवारी आम्ही सहा पंच चर्चच्या तळघरात टेबलाशी बसलो होतो. पाळकांनी विचारलं, एव्हर्टला दूर करावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. कुणीच केला नाही. बराच वेळ. म्हातारा होकस्ट्रा तर म्हणाला, पोराला आणखी एक हिवाळा देऊ या."

विल्माने मान वर केली. होकस्ट्रा तिचा नवरा. जाऊन बारा वर्षं झाली होती.

"पंच होऊन मला दोन महिने झाले होते," लेलंड म्हणाला. "वाटलं, सगळे माझ्याकडेच बघतायत. भाऊ म्हणून हा गप्प बसणार, असं त्यांना वाटतंय. म्हणून मी हात वर केला. माझ्यानंतर बाकीच्यांनी केले. पाळकांनी तुला उलटं सांगितलं, ते मला वाचवायला. मला ते कळलं होतं, आणि मी ते तसंच राहू दिलं."

बाहेर रस्त्यावरून एक गाडी गेली. आर्डिस दारात उभी होती; एवढ्या वर्षांत तिलाही त्याने हे सांगितलं नव्हतं. विल्माचा रुमाल पर्समध्येच राहिला. लेलंड भावाकडे बघायचं टाळत होता, आणि टाळतोय हे सगळ्यांना दिसत होतं.

एव्हर्टने वाकून कॉफीचा मग जमिनीवर ठेवला. टोपी गुडघ्यावर होती. ती त्याने उचलली, फिरवून पाहिली. आता हा उठणार आणि जाणार, असं लेलंडला वाटलं. त्याने वाट द्यायला आपली खुर्ची जराशी मागे ओढली.

एव्हर्ट उठला नाही.

"होकस्ट्रा आणखी काय म्हणाला?" त्याने विचारलं. "सांग. सगळं सांग."