निळ्या पत्र्यामागचा घड्याळवाला

सूनबाईला नोकरी लागून तीन आठवडे झाले होते आणि अजून एकही दुकानदार तिच्या गळाला लागला नव्हता.

काम सांगायला सोपं होतं. कंपनीचं एक अॅप होतं. ते ज्याच्या मोबाइलमध्ये आहे असा माणूस एखाद्या दुकानापासून दोनशे पावलांच्या आत आला, की त्या दुकानाचा निरोप त्याच्या फोनवर वाजायचा. हे दुकानदारांच्या गळी उतरवायचं. पण ते म्हणायचे, "बाई, दोनशे पावलांवर आलेल्याला दुकान दिसतंच की. डोळे कशाला दिलेत त्याला?" यावर कंपनीनं पाठ करून घेतलेलं एक उत्तर होतं, पण ते देताना तिचं तिलाच हसू यायचं.

एका संध्याकाळी ती घरी आली आणि कुणाशी न बोलता भाजी चिरायला बसली. सासरे समोरच चष्मा पुसत होते. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, बोलणं मोजकंच.

"किती दुकानं हवीत गं?" त्यांनी विचारलं.

"महिनाअखेर दहा. नाहीतर घरी बसा म्हणतील."

"मग नऊ राहिली. माझं घाल."

"बाबा, उगाच माझ्यासाठी नको."

"तुझ्यासाठी नाही तर काय शेजारणीसाठी?"

दुसऱ्या दिवशी ती फॉर्म भरायला त्यांच्या दुकानी गेली आणि रस्त्यावरच थबकली. दोन महिन्यांपूर्वी तिथं खोदकाम सुरू झालं होतं आणि फुटपाथच्या कडेनं डोक्याच्याही वर जातील असे निळे पत्रे उभे होते. जिन्याखालचं, कपाटाएवढं ते दुकान पत्र्यांमागे पार गडप झालं होतं. विजेच्या खांबाजवळच्या फटीतून ती अंग चोरून आत शिरली. बाबा एका बंद न पडलेल्या घड्याळाला तेल देत बसले होते. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बोटभर धूळ. रोज घरी येऊन 'आज बरी गर्दी होती' म्हणणारे हेच ते.

तिनं पदरानं स्टूल पुसलं, बसली आणि मोबाइल काढला.

"बाबा, निरोप काय लिहू? कंपनीचा तयार आहे. 'खास सवलत, आजच भेट द्या.'"

"मी जन्मात कुणाला असं म्हटलं नाही. लिही, 'निळ्या पत्र्यापलीकडे मी आहे. विजेच्या खांबाशी फट आहे, तिथून या. घड्याळवाला.'"

तिसऱ्या दिवशी एक जाडजूड बाई त्या फटीतून धापा टाकत आत आल्या. "अगंबाई, आहात होय तुम्ही! मला वाटलं, गेलात."

"कुठे?" बाबांनी विचारलं. बाईंनी घाईघाईनं पर्समधून घड्याळ काढलं.

मग बाबांना गोडीच लागली. रोज सकाळी ते चहाबरोबर निरोप सांगायचे आणि ती टाइप करायची. 'सेल संपला म्हणून नवं घड्याळ घेऊ नका. सेल बदला, दोन मिनिटांचं काम.' 'घड्याळ पाच मिनिटं पुढे ठेवणाऱ्यांनो, फसवताय कुणाला?' 'शेजारच्या किल्लीवाल्याकडे आज काम कमी आहे. किल्ली हरवली असेल तर आजच आठवा.'

किल्लीवाला दुपारीच आला. "वहिनी, माझंही लावा की. पण मजकूर बाबाच सांगतील." पाठोपाठ शिंपी आला, वह्या-पेनवाला आला. पत्र्यांमागचे सगळेच कोंडलेले होते. महिना संपला तेव्हा तिची अकरा दुकानं झाली होती.

पण कंपनीतल्या साहेबांनी तिला बोलावून घेतलं. "तुमचा घड्याळवाला वाट्टेल ते लिहितो. निरोपात माल हवा, सवलत हवी. नियम आहे."

"ते माझे सासरे आहेत, सर."

"मग तर तुम्ही समजावायलाच हवं."

ती दुसऱ्या दिवशी समजावणार होती. पण सकाळी बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यावं लागलं. थेंब घातल्यानं दिवसभर धूसर दिसणार होतं. तरी दुकान उघडायचंच, म्हणून हटून बसले. तिनं रजा टाकली आणि हात धरून त्यांना दुकानी आणलं.

"लिही," ते म्हणाले. "'डोळ्यांत थेंब घातलेत, दिसत नाही. आज घड्याळं आणू नका. मी आहे.'"

यात ना माल होता, ना सवलत. ती क्षणभर थांबली. मग शब्दाचाही फरक न करता तिनं निरोप पाठवून दिला.

दुपारपर्यंत जिन्याखाली उभं राहायला जागा उरली नाही. जाडजूड बाई संत्री सोलून बाबांच्या हातात फोडी देत होत्या. एक निवृत्त मास्तर त्यांना पेपर वाचून दाखवत होते, आणि किल्लीवाला मध्येमध्ये चुका काढत होता. तेवढ्यात फटीतून साहेब आत आले, हातात फोन. सूनबाईनं आपला मोबाइल पदराआड केला.

"कोण?" बाबा आवाजाच्या दिशेनं वळले. "सांभाळून, खाली फळी आहे. बसा. त्यांना संत्रं द्या हो कुणीतरी."

साहेब बसले. संत्रं खाल्लं. मास्तरांनी पेपरातली एक बातमी संपवली, तिच्यावर वाद झाला, त्यात साहेबही पडले आणि हरले. अर्ध्या तासानं निघताना ते सूनबाईला हळूच म्हणाले, "नियमाचं मी बघतो. यांचा मजकूर बदलू नका."

संध्याकाळी दोघं घरी निघाली. तिनं बाबांचा दंड घट्ट धरला होता.

"किती जण आले गं?"

"सतरा."

"मला अठरा आवाज ऐकू आले."

"अठरावी मी, बाबा."

"तुला कसं मोजीन? तू घरची," ते म्हणाले. मग जरा आठवून म्हणाले, "तो संत्रंवाला कोण होता? वादात कच्चा, पण माणूस बरा वाटला."

"माझे साहेब," ती म्हणाली, आणि बाबा भर रस्त्यात थांबून खोकला येईपर्यंत हसले.