मनीचा आवाज

आमच्या कोपरीच्या घरात मांजराला थारा नाही. सासूबाई, म्हणजे दगडाबाई, बाजारात म्हावरं विकतात आणि उरलेली मासळी मागच्या पडवीत बर्फात ठेवतात. त्यामुळे मांजरांशी त्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. हाताशी कायम खराटा. मुलगी दवाखान्यातून घरी आली आणि पहिल्यांदा रडली, तेव्हा त्या पडवीतून "हट्! हट् मेल्या!" करत खराटा घेऊन थेट माझ्या खोलीत शिरल्या. मांजर कुठेच नव्हतं. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. मीही हसले. बारशाला ऐश्वर्या असं भारदस्त नाव ठेवलं, पण सगळ्यांच्या तोंडी मनीच बसलं.

मनी अंग धरेना. तिला ओढून दूध पिताच येईना. मी वाटी-चमच्याने पाजायचे, अर्धं गळ्यावर ओघळायचं. शेवटी माझा नवरा प्रणित आणि मी तिला नौपाड्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिथे ती रडली आणि बाईंनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. नुसत्या ऐकत राहिल्या. डॉक्टर लोक रडणं असं ऐकत नाहीत.

रक्ताची तपासणी झाल्यावर त्यांनी समजावून सांगितलं. पाचव्या क्रोमोझोमचा एक तुकडा जन्मापासूनच नाही. फार थोड्या मुलांना असतं हे. मांजरासारखा आवाज ही त्याचीच खूण. चालेल, पण उशिरा. बोलेल का, ते आत्ता सांगता येणार नाही. औषध नाही, व्यायाम मात्र आजपासून. "तुमच्या हातून काही चुकलेलं नाही," बाई म्हणाल्या. मला तर कुणाच्या तरी माथी खापर फोडायचं होतं.

रिक्षात प्रणित म्हणाला, "आईला एवढ्यात नको सांगूया. खचेल ती."

"खचू दे ना. हसणं तरी थांबेल."

"अगं, हसायला तर आपल्याला पण यायचं ना?"

यायचं. म्हणूनच तर जीव जळत होता. मी दिवा गावची, पाण्याच्या रांगेत भांडत वाढलेली, तोंडाची तिखट. दारातच सासूबाईंनी "आयली माझी मनी!" म्हणत हात पुढे केले आणि मी फटकन म्हणाले, "मनीबिनी काही नाही. माणसाचं पोर आहे, जनावराचं नाव नको." कारण सांगितलं नाही. त्या दिवसापासून त्या तिला हाकच मारेनात.

एका दुपारी मुलगी रडू लागली. मागून लगेच "हट् मेल्या!" आणि फेकलेला खराटा दारावर आदळला. सवयीनेच. पण माझा तोल गेला.

"मांजर नाही, तुमची नात आहे ती! आजारच आहे तिला. अशीच रडणार. कदाचित कधी बोलणारच नाही. आता हसा पोटभर!"

विळीवरचा मासा अर्धवट कापलेला राहिला. "मना का नाय सांगलं गो?" एवढंच त्या म्हणाल्या.

पुढचे काही दिवस त्या पाळण्याकडे फिरकल्या नाहीत. लांबूनच बघायच्या. नात त्यांनी मनातून टाकली, असंच मी धरून चालले. मला घास गोड लागेना. न बोलणारं पोर, त्याला घरातलंच माणूस परकं झालं तर मी एकटी कुठे पुरणार?

रविवारी संध्याकाळी सासूबाई पडवीत पापलेटं निवडत होत्या. बारीकसा तोच आवाज आला. मी स्वयंपाकघरातून धावले, तर त्या माझ्याही आधी पाळण्याशी पोचलेल्या. ओले हात पदराला पुसत वाकून बघत होत्या. मुलगी गाढ झोपलेली. वळून पाहिलं तर पडवीत खराखुरा बोका, तोंडात सगळ्यात मोठं पापलेट.

"आई, पापलेट नेलं!" प्रणितने खराटा उचलला. "हट्..."

"गप रं!" सासूबाई दबक्या आवाजात कडाडल्या. "नेऊ दे त्याला. माझे नातीचे कानाव त्यो शबूद नको."

बोका निवांत भिंतीवरून गेला. त्या पाळण्याची दोरी धरून उभ्याच होत्या. तिला काय म्हणून हाक मारायची, हे त्यांना कळत नव्हतं, आणि ते माझ्यामुळे.

मी वाटी-चमचा आणून त्यांच्या हातात दिला.

"मनी उठली की दूध तुम्हीच पाजा."